वार कुणाला लागला? – 'शेखचिल्ली' या रॅप गाण्याच्या निमित्ताने

वाङ्मयीन वार्षिकात रॅप गाण्यावरचा लेख पाहून काही वाचकांच्या कपाळावर आठ्या पडतील. मुशायऱ्यात रात्र जागवणारी, गझलेवर जीव टाकणारी आपली मंडळी या गाण्यांना गोंगाट म्हणतात. शाळेच्या स्टाफरूममध्ये तर त्याहून कडक शब्द ऐकू येतात. तरीही हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. ज्या मुलांना मी शिकवते त्यांच्या तोंडी आज हीच गाणी आहेत, हे एक कारण. दुसरे असे की ही गाणी ज्या प्रकारात मोडतात तो प्रकार आपल्या साहित्याला मुळीच परका नाही.

उर्दूत त्या प्रकाराला 'हज्व' म्हणतात. कसीदा स्तुतीचा, मर्सिया शोकाचा, तशी हज्व निंदेची. मिर्झा सौदा या प्रकाराचा बादशहा. मौलाना मुहम्मद हुसेन आझाद यांनी 'आबे हयात'मध्ये सांगितले आहे की सौदाच्या गुंचा नावाच्या नोकराच्या हाती कलमदान असे. सौदा कुणावर संतापला की कलमदान मागवी आणि तिथल्या तिथे समोरच्याची हज्व लिहून मोकळा होई. आज दोन रॅपर भांडतात, एकमेकांचा पाणउतारा करणारी गाणी रचतात आणि त्यांना 'डिस ट्रॅक' म्हणतात. त्यात ठेका नवा आहे, माइक नवा आहे, ऐकणाऱ्यांची संख्या नवी आहे. काम मात्र तेच जुने आहे. मग जुन्या हज्वेला आपण ज्या कसोट्या लावतो त्या या गाण्यांना का लावू नयेत? चांगली हज्व कोणती, फसलेली कोणती, आणि फसली तर का फसली, एवढाच प्रश्न मला इथे विचारायचा आहे.

दोन नावे, दोन शीर्षके

प्रकरण २०१८ च्या उत्तरार्धातले आहे. एका बाजूला मुंबईचा बिलाल शेख, म्हणजे एमिवे बंटाय. दुसऱ्या बाजूला रफ्तार, म्हणजे दिलीन नायर. रफ्तार मल्याळी घरातला, वाढला उत्तरेत, आणि तोवर हिंदी चित्रपटसंगीतात स्थिरावलेला होता. एमिवे कोणत्याही मोठ्या कंपनीचा आधार न घेता स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर गाणी टाकणारा. एका मुलाखतीत अशा रॅपरांच्या कमाईविषयी बोलताना रफ्तारने एमिवेचे नाव घेतले. ते एमिवेला झोंबले. त्याने 'समझ में आया क्या' हे गाणे काढले. रफ्तारने उत्तर दिले, त्याचे नाव 'शेखचिल्ली'. त्यावर एमिवेचे प्रत्युत्तर आले, त्याचे नाव 'गिरफ्तार'. हे सगळे वर्षअखेरीच्या थोड्याच आठवड्यांत घडले.

'शेखचिल्ली' लाखो लोकांनी ऐकले. रफ्तारच्या चाहत्यांनी त्यातला वेग आणि तयारी वाखाणली, आणि तंत्रात रफ्तार कच्चा नाही हे मान्यच करायला हवे. पण एमिवेच्या चाहत्यांनी ते झिडकारले. मला अनुभव आला तो आमच्याकडच्या मुलांचा. त्यांना ते गाणे नुसते आवडले नाही असे नव्हे, ते लागले. रफ्तारचे बाकीचे काम ज्यांना आवडत होते त्यांनाही लागले. असे का व्हावे? गाण्यातल्या ओळींचा हिशेब बाजूला ठेवून मी फक्त शीर्षकांकडे बघते. हज्वेचे शीर्षक म्हणजे तिचे टोक. पुढे कितीही शब्द असले तरी लोकांच्या लक्षात राहते ते टोक.

आधी 'गिरफ्तार' घेऊ. उर्दू लिपी येणाऱ्या वाचकाने 'रफ्तार' हा शब्द कागदावर लिहून पाहावा. रे, फे, ते, अलिफ, रे. आता त्याच्या आधी फक्त एक 'गाफ' जोडावा. झाले 'गिरफ्तार'. जेरची मात्रा आपण लिहीत नाही, त्यामुळे कागदावर एका अक्षराचाच फरक. फारसीत दोन्ही शब्दांची मुळे वेगळी आहेत. रफ्तार 'रफ्तन' म्हणजे जाणे यावरून, गिरफ्तार 'गिरिफ्तन' म्हणजे पकडणे यावरून. एक चालतो, दुसरा जखडला जातो. चालणाऱ्याच्या पायात एका अक्षराची बेडी! आपल्या जुन्या उस्तादांनी याला तजनीसची करामत म्हटले असते. एमिवेने ते लिपी डोळ्यापुढे ठेवून केले की कानाने साधले, मला माहीत असण्याचे कारण नाही. पण साधले खरे. वर्गात मी हे फळ्यावर लिहून दाखवले तेव्हा 'तजनीस म्हणजे काय' हे पुन्हा समजावण्याची वेळ आली नाही.

आणखी एक गोष्ट. 'रफ्तार' हे नाव दिलीन नायरने स्वतः घेतलेले आहे. आईवडिलांनी दिलेले नाही. ते त्याचे बिरुद आहे, त्याचा दावा आहे, की मी वेगवान आहे. 'गिरफ्तार'ने वार केला तो या दाव्यावर. जगात रफ्तार नावाने गाणारा तो एकच. म्हणून वार लागला तोही त्या एकालाच.

आता 'शेखचिल्ली'. ही व्यक्तिरेखा कोणाला सांगायला नको. उर्दूच्या बालवाचनात ती असतेच. डोक्यावर मडके घेऊन चाललेला शेखचिल्ली मनात इमले बांधतो. यातून कोंबड्या येतील, कोंबड्यांतून बकऱ्या, बकऱ्यांतून म्हैस, मग लग्न, मग मुले. त्या नादात मान हलवतो आणि मडके फुटते. हरयाणात ठाणेसरला शेखचिल्लीचा म्हणून ओळखला जाणारा देखणा मकबरा आहे. तिथे एक सूफी बुजुर्ग विश्रांती घेत आहेत, आणि शहजादा दारा शिकोहशी त्यांचा संबंध सांगितला जातो. त्या बुजुर्गांचे आणि गोष्टीतल्या खुळ्याचे नाव कसे एक झाले, हा वेगळा विषय आहे. रफ्तारला हवा होता तो गोष्टीतला खुळा. आरोप असा, की तू दिवास्वप्ने पाहतोस, तुझ्या हाती काही नाही.

आरोप म्हणून यात गैर काही नाही. बढाईखोराला शेखचिल्ली म्हणणे ही आपल्याही घरातली बोली आहे. पण इथे समोरच्याचे आडनाव शेख आहे. शीर्षकाची सगळी गंमत त्या आडनावावर उभी आहे. आडनाव काढून घेतले तर शीर्षकात उरते फक्त एक शिळी उपमा. आणि आडनाव बिलालने निवडलेले नाही. ते त्याला मिळाले, जसे सोलापुरात हजारो घरांना मिळाले आहे. माझ्या हजेरीपटावर एकेका तुकडीत दहा-बारा शेख असतात. त्यातल्या प्रत्येकाला शाळेत, गल्लीत, पुढे नोकरीच्या ठिकाणी कधी ना कधी 'काय रे शेखचिल्ली' म्हटले जाते. बहुतेक वेळा म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. तो फक्त विनोद करत असतो. तोच विनोद पुन्हा पुन्हा ऐकणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी हसण्याचे सोंग आणावे लागते.

रफ्तारच्या मनात धर्म होता असे मी म्हणत नाही. तसे मानायला माझ्याकडे आधार नाही, आणि हेतूवर बोट ठेवणे हे समीक्षेचे कामही नव्हे. माझे म्हणणे एवढेच आहे की बाण एका शेखवर सोडला आणि लागला सगळ्या शेखांना. हाच या गाण्याचा दोष. तो नैतिक असण्याआधी वाङ्मयीन दोष आहे. नेम चुकला.

गंमत अशी की नेम धरायला जागा होती. एमिवे हे नाव एमिनेम आणि लिल वेन या दोन अमेरिकन रॅपरांच्या नावांतून जोडून घेतलेले आहे. दोन उस्तादांच्या नावांचे तुकडे शिवून केलेले हे नाव बिलालने स्वतः निवडले. 'तुझे स्वतःचे काय?' असा सवाल शीर्षकातच टाकता आला असता. तो वार फक्त त्यालाच लागला असता. जन्माने मिळालेल्या नावाऐवजी निवडलेल्या नावावर रोख ठेवला असता, तर आमच्या मुलांना रफ्तारच्या बाजूने टाळी वाजवायलाही अडचण नव्हती.

शिवाय हज्वेत एक भाकीत दडलेले असते. शेखचिल्ली म्हणणे म्हणजे तुझे मडके फुटणार असे सांगणे. मडके फुटले नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'गली बॉय' चित्रपट आला, त्यात एमिवे स्वतः पडद्यावर दिसला. त्याच वर्षी एमटीव्ही युरोप म्युझिक अवॉर्ड्समध्ये भारतातला सर्वोत्तम कलावंत म्हणून त्याची निवड झाली. वर्षभराच्या आत खोटी ठरणारी हज्व लिहिणाऱ्याच्याच अंगावर येते.

जुने दाखले

वार भलत्यालाच लागून हज्व फसण्याची गोष्ट आजची नाही. थेट गालिबचा दाखला आहे. १८५२ मध्ये बहादुरशाह जफर यांचा मुलगा जवान बख्त याचे लग्न झाले. गालिबने सेहरा लिहिला आणि मकत्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, असा सूर लावला की याहून सरस सेहरा कोणी लिहून दाखवावा. रोख कोणाकडे होता, हे दरबारात सगळ्यांना कळले. जौक हे बादशहाचे उस्ताद. पण उस्तादाला टोचले की टोचणी शागिर्दाला लागते, आणि इथे शागिर्द खुद्द बादशहा! बादशहाची निवडच चुकीची आहे, असा त्या शेराचा अर्थ झाला. बादशहाने जौकला तशाच रदीफचा सेहरा लिहायला सांगितले. आझाद लिहितात की तो गाणाऱ्यांच्या हाती देण्यात आला आणि संध्याकाळपर्यंत दिल्लीच्या गल्लीबोळांत पोचला. आझाद जौकचे शागिर्द होते, तेव्हा त्यांच्या सांगण्यात थोडे मीठ-मसाला असणारच. पण शेवट सर्वांना ठाऊक आहे. गालिबला माफीचा कता लिहावा लागला. त्या माफीतही चिमटे आहेत असे जाणकार म्हणतात, आणि ते खरेही असेल. उर्दूचा सर्वांत मोठा शायर इथे हरला तो शायरीत कमी पडला म्हणून हरला नाही. त्याचा वार जौकला ओलांडून पलीकडच्या माणसाला लागला.

अलीकडचा दाखला परदेशातला आहे. २०२४ च्या वसंतात ड्रेक आणि केन्ड्रिक लमार या दोन बड्या रॅपरांत गाण्यांची लढाई झाली. ५ मे २०२४ रोजी ड्रेकने 'द हार्ट पार्ट ६' काढले. 'द हार्ट' ही मुळात केन्ड्रिकची मालिका. तिचा पाचवा भाग २०२२ मध्ये आला होता. प्रतिस्पर्ध्याच्या मालिकेचा पुढचा क्रमांक बळकावायचा, ही कल्पना चांगली होती. आपल्याकडे दिल्लीच्या कृष्णा या रॅपरने एमिवेच्या 'मचाएंगे' मालिकेचा चौथा क्रमांक असाच पळवला होता. तरीही ड्रेकचे गाणे सपशेल पडले. यूट्यूबवर पसंतीपेक्षा नापसंतीचा पाऊस पडला. कारण काय? केन्ड्रिकच्या २०२२ च्या एका गाण्यात लहानपणीचा प्रसंग आहे. नातेवाइकाने तुझ्याशी गैरवर्तन केले का, असे घरच्यांनी त्याला विचारले. तो नाही म्हणाला. त्यांनी विश्वास ठेवला नाही. ड्रेकने हे गाणे उलटे वाचले. केन्ड्रिकवर लहानपणी अत्याचार झाला आहे, असे धरून त्याने तेच टोमण्याचे हत्यार केले.

माझ्यासारख्या शिक्षिकेला यात आधी दिसते ती आकलनाची चूक. उतारा नीट न वाचता उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची चूक. पण चूक तेवढ्यावर थांबत नाही. समजा त्याचे वाचन बरोबर असते, तरी तो वार कोणाला लागला असता? लहानपणी जे लोक खरोखर अशा प्रसंगातून गेले त्या सर्वांना. केन्ड्रिकला त्यातून काहीच झाले नसते. उलट केन्ड्रिकच्या 'नॉट लाइक अस' या गाण्याला फेब्रुवारी २०२५ मध्ये पाच ग्रॅमी पुरस्कार मिळाले. त्या गाण्यातही ड्रेकवर गंभीर आरोप आहेत. ते सिद्ध झालेले नाहीत, ड्रेकने ते नाकारले आहेत, आणि सिद्ध न झालेला आरोप स्टेडियमभर लोकांनी एका सुरात गावा, हे मला पटत नाही. यशस्वी हज्व नेहमी न्यायाची असते असे नाही. ड्रेकने आपल्याच संगीत कंपनीवर अब्रुनुकसानीचा दावा लावला, तो ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने फेटाळला. गालिबने कता लिहिला, ड्रेकने वकील केला. काळाचा महिमा, दुसरे काय!

घरातल्या बायका

या विषयाला एक बाजू आहे जी पुरुष समीक्षक सहसा ओलांडून पुढे जातात. लखनौत इन्शा आणि मुसहफी यांचे भांडण फार गाजले. दोघेही मोठे शायर. हज्वांवर हज्वा झाल्या, आणि शेवटी इन्शाच्या बाजूने मुसहफीचे सोंग काढून मिरवणूक निघाली. आझादांच्या वर्णनात त्या मिरवणुकीत एक बाहुला आहे आणि एक बाहुली आहे. एक मुसहफी, दुसरी 'मुसहफन'. दोघांना एकमेकांशी लढवत नेले. मुसहफीच्या बायकोने कोणता शेर लिहिला होता? कोणत्या मुशायऱ्यात तिने इन्शाचा अपमान केला होता? तिचा गुन्हा एवढाच की ती त्या घरात होती.

आजच्या डिस ट्रॅकमध्ये ही मुसहफन जागोजाग आहे. आई, बहीण, मैत्रीण, बायको. दोन पुरुष भांडतात आणि वार झेलते ती तिसरीच. वर्गातल्या मुली हे ऐकतात. त्या माझ्याकडे तक्रार घेऊन येत नाहीत, कारण शिवीला तक्रारीचा विषय मानायचे असते हेच त्यांना कोणी सांगितलेले नाही. एमिवेच्या बाजूने मी इतके लिहिले, म्हणून या बाबतीत त्याला सूट देता येणार नाही. त्याच्या आणि त्याच्या पिढीच्या पुष्कळ गाण्यांतली भाषा याच रोगाने ग्रासलेली आहे. इथेही मला दोष दिसतो तो तोच. आई कोणी निवडत नाही. आईवर बोललात म्हणजे समोरच्याच्या कामाबद्दल बोलायला तुमच्याकडे काही उरले नाही, याची ती कबुलीच झाली.

कणकेतला केस

यावर आमच्या वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते. निंदा करणे मुळातच वाईट, मग चांगली निंदा आणि वाईट निंदा असा भेद कशाला? ते सूरह हुजुरातकडे बोट दाखवतात. एकमेकांची टर उडवण्याला आणि वाईट उपनावे ठेवण्याला तिथे स्पष्ट मनाई आहे. ही हरकत मी हलकी मानत नाही. 'शेखचिल्ली'सारखे शीर्षक त्या मनाईच्या नेमके समोर येऊन उभे राहते.

पण त्याच परंपरेत हजरत हस्सान बिन साबित (र.) यांचाही प्रसंग आहे. मक्केच्या कुरैशांकडून हज्वांचा मारा होत होता, आणि त्याला शायरीतून उत्तर देण्याचे काम हस्सान यांच्याकडे आले. अडचण अशी की हजरत मुहम्मद (स.) स्वतः कुरैश घराण्यातले. कुरैशांच्या कुळावर वार केला तर तो कोणाला लागेल? हदीसच्या ग्रंथांत आले आहे की प्रेषितांनी त्यांना आधी हजरत अबू बक्र (र.) यांच्याकडे जाऊन वंशावळी समजून घ्यायला सांगितले. हस्सान यांनी ग्वाही दिली ती अशा अर्थाची, की मळलेल्या कणकेतून केस अलगद ओढून काढावा तसे मी तुम्हाला त्यातून बाहेर काढीन.

हज्वेच्या कलेवर याहून नेमके भाष्य मी दुसरीकडे वाचलेले नाही. लिहिण्याआधी माहिती घ्या. कोण कोणाचा कोण आहे ते समजून घ्या. आणि ज्याच्यावर रोख नाही त्याला ओरखडाही येऊ देऊ नका. हा नियम धर्माचा म्हणून पाळायचा तर पाळा. पण तो शायरीचाही नियम आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

पुढे उमय्या काळात जरीर आणि फरज्दक यांची जुगलबंदी बसऱ्याच्या मिरबद बाजारात कित्येक वर्षे चालली. तिथे बंधन असे, की प्रतिस्पर्ध्याने जे वृत्त आणि जो काफिया घेतला असेल त्याच वृत्तात, त्याच काफियात उत्तर द्यायचे. भाषा सोवळी होती असे मुळीच नाही. पण ऐकणाऱ्याला दोन्ही रचना शेजारी ठेवून तोलता येत होत्या. आपल्या मराठी मुलखातही हे होतेच. कलगी-तुऱ्याची परंपरा शाह अली आणि तुकनगीर या दोघांपासून सुरू झाली असे सांगतात. एक फकीर, एक गोसावी. एका फडाने भेदिक सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाऊन सोडवायचा. पेशवाईच्या अखेरीस सगनभाऊ हा मुसलमान शाहीर होनाजी-बाळाच्या फडाशी असाच भिडत असे. आणि रामजोशी तर आमच्या सोलापूरचाच. डफावर थाप मारून 'सोडव माझा सवाल' म्हणणाऱ्यांच्या गावात रॅपला परके म्हणणे जरा अवघडच आहे. कलगीवाल्याने तुरेवाल्याला हरवायचे तर त्याचे आडनाव काढून चालत नसे. त्याच्या सवालाचे उत्तर यावे लागे.

पुण्याच्या एमसी स्टॅनचे, म्हणजे अल्ताफ शेखचे उदाहरण इथे आठवते. एमिवेवर उलटून लिहिलेल्या गाण्यांनी त्याचे नाव सुरुवातीला पसरले. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये तो 'बिग बॉस' जिंकला आणि घरोघरी पोचला. या भांडणात दोन्हीकडे शेख. आडनावाचे हत्यार दोघांनाही बाद. त्यामुळे बोलणे वळले ते कोण कसा गातो, कोण कुठून आला, कोण किती खरा, याकडे. शिव्या तिथेही होत्या. पण मुलांनी ते भांडण चवीने ऐकले आणि त्यात कोणाला घरी जाऊन गप्प बसावे लागले नाही.

वर्गातला प्रश्न

हे सगळे मी का लिहिते आहे? आमच्या शाळेत बैतबाजीच्या स्पर्धा होतात. 'ये'वर शेर आला की मुले गप्प होतात, कारण पाठ केलेले संपलेले असते. तीच मुले मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून काफियाला काफिया जोडत एकमेकांना गारद करतात. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, शेजारी तेलुगू आणि कन्नड, असे आमचे सोलापूर. या मुलांना एका कोणत्याही भाषेची भीती नाही, कारण सगळ्यांतले थोडे थोडे त्यांच्याकडे आहे. १९९० मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन ज्या शहरात भरले, त्या शहरातली ही चौथी-पाचवी पिढी शब्दांशी खेळते आहे. ती आपल्या साहित्याची माणसे आहेत की नाहीत, हे आपण ठरवायचे आहे.

त्यांना 'हे बंद करा' म्हणून सांगणे सोपे आहे. शाळेत ते रोज सांगितले जाते आणि रोज वाया जाते. 'उर्दूत अदब म्हणजे साहित्यही आणि शिष्टाचारही' हे वाक्य आपण भाषणात वापरतो. वर्गात ते उतरवायचे तर मुलांना तुम्ही वाईट आहात असे म्हणून भागत नाही. तुमचा शेर कच्चा आहे, असे सांगावे लागते. शिवी ऐकून मी आता एवढेच विचारते की हे कोणाला लागले? मुलगा म्हणतो, अमक्याला. मी म्हणते, त्याच्या काळ्या रंगावर बोललास, मग मागच्या बाकावरच्या तिघांना का लागले? त्याच्या बापाच्या हातगाडीवर बोललास, मग तुझ्या शेजाऱ्याने मान खाली का घातली? त्याने काल काय गायले ते सांग. कुठे अडखळला, कोणता काफिया चोरला, कोणती बढाई मारली ते सांग. तेवढ्यावर बोल. बहुतेक वेळा मुलगा थोडा वेळ विचार करतो आणि दुसरी ओळ काढतो. ती पहिलीपेक्षा चांगली असते. कारण तिच्यासाठी त्याला समोरच्याचे गाणे आठवावे लागलेले असते.

रॅपच्या भांडणातून काही उदात्त निघावे असा माझा आग्रह नाही. भांडण भांडणासारखेच असावे. पण सौदाची सर्वांत टिकलेली हज्व कोणती, याचा विचार करावा. 'तजहीक-ए-रोजगार'. त्यात एक मरतुकडा घोडा आहे, पण त्या घोड्याआडून झोडपली आहे ती मोडकळीला आलेली मोगल फौज आणि तिचा काळ. ज्यांच्या खासगी हज्वा सौदाने लिहिल्या त्यांची नावे आज परीक्षेपुरती उरली आहेत. घोडा अजून लंगडतो आहे. आमच्या जिल्ह्यातल्या बार्शीचे शाहीर अमर शेख यांच्या डफाचे तोंडही असेच सत्तेकडे वळलेले होते, शेजारच्या शाहिराकडे नव्हते. रॅप करणाऱ्या शेख, सय्यद, पठाण पोरांच्या आवाक्यात हेही आहे. नळाला काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर या शहरात एकही धड हज्व अजून माझ्या कानावर आलेली नाही!

'शेखचिल्ली' फसले, कारण त्याने एका माणसाला मारायला अख्ख्या आडनावाचा दगड उचलला. 'गिरफ्तार'चे शीर्षक लक्षात राहिले, कारण त्याला एक अक्षर पुरले. आमच्या मुलांनी या दोन्हींतून काय उचलायचे हे त्यांना समजते. ते समजावून सांगण्याइतके तरी आपण त्यांचे ऐकले पाहिजे.